तेविसाव्या फोटोतला हात

औरादच्या बाजाररस्त्याला माझा फोटो स्टुडिओ एकोणीस वर्षं होता. लग्नाचे, बारशाचे, पासबुकाचे, परीक्षेच्या अर्जाचे फोटो काढण्यात ती वर्षं गेली. ज्या फोटोबद्दल लिहायला बसलो आहे तो मात्र स्टुडिओतला नाही, माळावरचा आहे. फोटो म्हणून तो चांगला आहे. उजेड बरोबर, चेहरा स्वच्छ, मागं मोकळं आभाळ. त्यात चूक एकच आहे आणि ती मी जाणूनबुजून घातलेली आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बिदरला अंध लोकांसाठी काम करणारी एक छोटी संस्था होती. तिथले एक मास्तर, ज्यांना स्वतःलाही अर्धवटच दिसायचं, महिन्यातून एका रविवारी आपल्या माणसांना चालायला बाहेर न्यायचे. डोंगर म्हणावा असं आमच्या भागात फारसं काही नाही. लाल, भोकाभोकांच्या दगडाचं पठार आहे आणि ते मांजरेच्या अंगाला टप्प्याटप्प्यानं खाली उतरतं. कमलनगरच्या अलीकडं बसमधून उतरायचं, माळ ओलांडायचा, दगडांच्या पायऱ्या उतरायच्या आणि खालच्या ओढ्याकाठी बसून भाकरी खायची. मी एकदा पावलं मोजली होती. जायची वाट साधारण पावणेतीन किलोमीटर भरते.

मास्तर माझ्या दुकानात आले ते संस्थेच्या अहवालासाठी फोटो हवे होते म्हणून. छपाई साधी असल्यामुळं फोटो काळे-पांढरे पाहिजे होते, आणि काळा-पांढरा रोल मी दुकानामागच्या अंधारखोलीत स्वतः धूत असे. एका रोलमध्ये छत्तीस फोटो. चालणारे चौदा. प्रत्येकाचे दोन म्हणजे अठ्ठावीस, वाटेचे आणि सगळ्यांचे मिळून चार, आणि चार राखीव. मी आधी कागदावर असं मांडूनच निघत असे. प्रत्येक फोटोचा नंबर, वेळ, कॅमेऱ्याचे आकडे आणि कोण आहे ते एका छोट्या वहीत लिहीत असे. ही सवय मला कुणी लावली नव्हती, अंगातच होती.

पहिल्याच रविवारी मास्तरांनी मला आणि नव्यानं आलेल्या डोळस सोबत्यांना बाजूला घेऊन नियम सांगितला. “धरायचं त्यांनी. आपण न्हाई.” म्हणजे चालणारा माणूस सोबत्याचं कोपर धरतो आणि अर्धं पाऊल मागं राहतो. कोपर खाली गेलं की उतार आला, वर गेलं की चढ, पाठीमागं वळलं की वाट अरुंद झाली. धरणारा पाहिजे तेव्हा सोडू शकतो. आपण त्याचं मनगट धरलं तर मात्र त्याला आपल्याकडून सोडवून घ्यावं लागतं. सोबती तोंडानं वाट सांगत जायचे: “पुढं दोन दगड, दुसरा हलतोय”, “डावीकडं बोरीची फांदी, डोक्याएवढी.” सपाट माळावर सराव झालेले लोक कोपरही सोडत. मास्तर सगळ्यांच्या पुढं असत. त्यांच्या पिशवीला बैलाची घुंगरमाळ बांधलेली असे आणि तिच्या आवाजावर, काठीनं जमीन चाचपत, वीस-पंचवीस पावलं अंतर ठेवून लोक एकटे चालत.

मला सुरुवातीला जड गेलं. स्टुडिओत माणूस स्टुलावर बसतो, मी हनुवटी वर करायला सांगतो, खांदा सरळ करतो, मग बटण दाबतो. इथं कुणी थांबत नव्हतं. बटणाचा आवाज झाला की मात्र सगळ्यांचे कान टवकारत.

“कोणाचा काढलाव ओ?” पुढून एकजण विचारी.

“तुमचाच.”

“डोळे मिटलेले आलते का? आले असले तर परत काढा. पोरगी बघायला जायचंय.”

मग सगळी रांग हसे, आणि मला हसावं की नाही ते कळायला एक महिना लागला.

ज्या रविवारची गोष्ट सांगतोय तो संक्रांतीच्या आधीचा. निघण्यापूर्वी एक मुलगी माझ्या आवाजाच्या रोखानं आली. वय बावीस. गाव ठाणाकुशनूरच्या पलीकडं. लहानपणी तापात डोळे गेलेले, उजेड कुठल्या बाजूला आहे तेवढं कळायचं. संस्थेत राहून ती दोन वर्षं शिकत होती.

“अण्णा, मला एक फोटू पायजे. एकटी चालायलेली.”

“सगळ्यांचेच काढतोय की.”

“तसा न्हाई. कोणाला धरलेली नगं आन् मला कोणी धरलेलं बी नगं. अप्पाला दाखवायचाय.”

तिनं सगळं नीट सांगितलं. टेलिफोन बूथ चालवायचं तीन महिन्यांचं शिक्षण बिदरला होतं. ते झालं की बूथ मिळायची शक्यता होती. त्या काळात आमच्या भागातली तरणी माणसं हैदराबादला, पुण्याला कामाला जायला लागली होती, तिचे दोन्ही भाऊही गेले होते, आणि बूथवर रविवारी रांग लागायची. शिक्षणाच्या वेळी वेगळ्या खोलीवर राहावं लागणार होतं, त्यासाठी संस्थेला घरच्यांचं संमतीपत्र हवं होतं. मुदत जानेवारीच्या अखेरपर्यंत.

“अप्पा म्हणतेत, हिरीपतोर जायला तुला माय लागती, आन् बिदरात एकली कशी ऱ्हातीस? मी म्हणलं, मी अख्खा माळ एकटी उतरते. अप्पांनी माझ्या शब्दाला आजपतोर कदी न्हाई म्हणलं न्हाई बगा. पर ह्ये त्येंना खरंच वाटंना. म्हणले, फोटू आण, मग सही करतो.”

“काढतो,” मी म्हणालो. राखीव चार तिच्या नावावर टाकले आणि वहीत तशी खूण केली.

माळ संपतो तिथं दगडाच्या सात पायऱ्या आहेत. कुणी घडवलेल्या नाहीत, पाण्यानं झिजून झालेल्या आहेत. उंची सारखी नाही. मी खाली जाऊन थांबलो. घुंगरमाळ माझ्या शेजारून पुढं गेली आणि थोड्या वेळानं ती मुलगी वरच्या कडेला आली. काठीनं कड शोधली, एक पाय खाली सोडला, टेकला, मग दुसरा. आसपास कुणी नव्हतं. एकविसावा फोटो मी तेव्हा घेतला. सूर्य नेमका तिच्या मागं होता. मला तेव्हाच कळलं की चेहरा काळा येणार. बावीसच्या वेळी वाऱ्यानं ओढणी तोंडावर आली.

मला दोन गोष्टींनी घेरलं. एक म्हणजे भीती. तिसरी पायरी सगळ्यांत उंच आहे आणि मुलगी पडली तर काय, असं वाटलं. दुसरी गोष्ट अशी की राखीव चारातले दोन माझ्या हिशेबानं वाया गेले होते. तिच्या मागून बँकेत नोकरीला असलेले एक गृहस्थ येत होते. ते घरी कन्नड बोलत आणि दर रविवारी न चुकता सोबती म्हणून येत. मी त्यांना हाक मारली.

“साहेब, जरा पुढं होऊन तिचा हात धरा. आणि दोघं इकडं बघा.”

“अहो, मास्तर रागावतील.”

“एक सेकंद फक्त.”

त्यांनी तिचं मनगट धरलं. ती थबकली.

“कामून धरलाव, साहेब?”

“फोटूवाले म्हणायलेत.”

“एक सेकंद,” मी म्हणालो. “आवाजाकडं तोंड कर. हां.”

तिनं तोंड वळवलं, उजेड गालावर आला, ओढणी बाजूला झाली. तो तेविसावा. नंतर तिनं मनगट सोडवून घेतलं आणि उरलेल्या पायऱ्या एकटीच उतरून माझ्या पुढून गेली. चोविसावा मी घेतला तो तिच्या पाठीचा.

“एकटीचा घेतलाव न्हवं?” तिनं ओढ्याकाठी विचारलं.

“तीन घेतले.”

हे खरं होतं.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी दुपारी मी रोल धुतला. तिचे एकूण सहा फोटो होते. दोन कोपर धरलेले, तीन एकटीचे आणि एक तो. एकटीच्या तिन्हींत एकातही चेहरा नाही: एक काळी आकृती, एक ओढणी, एक पाठ. माझ्या दुकानाचा नियम होता की चेहरा न आलेला फोटो गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा नाही. एकोणीस वर्षांत तो मी मोडला नाही, आणि तेव्हाही मोडला नाही. मी मनाशी म्हणालो, बापाला लेकीचं तोंड दिसायला पाहिजे. काळी आकृती बघून तो म्हणेल, ही कोण? तेविसावा मोठा करून छापला. कोपर धरलेले दोन लहान करून सोबत दिले.

संक्रांतीसाठी गावी जाताना ती औरादला उतरली. संस्थेतल्या स्वयंपाकीणबाई त्याच बाजूच्या होत्या, त्या बाहेर बसकडं लक्ष ठेवून उभ्या राहिल्या. मी पाकीट तिच्या हातात दिलं. तिनं ते चाचपलं, मोठा फोटो बोटांनी ओळखला.

“ह्यो मोठा एकटीचा हाय न्हवं?”

दुकानात दोघं गिऱ्हाईक बसले होते. मला उशीर होत होता असं काही म्हणणार नाही, तसा होत नव्हता.

“तोंड एकदम स्वच्छ आलंय बघ,” मी म्हणालो. “अप्पांना लांबूनसुद्धा ओळखू येईल.”

ती हसली. पाकीट पिशवीत ठेवून गेली.

मी खोटं बोललो नव्हतो, पण विचारलेल्याचं उत्तरही दिलं नव्हतं. हे मला त्याच क्षणी ठाऊक होतं. मनात इतकंच होतं की फोटोत ती माळावर आहे, पायऱ्यांवर आहे, बापाला एवढं पुरे. बाप बापासारखा बघेल, हात कशाला मोजत बसेल?

वीस जानेवारीला मास्तर दुकानात आले. बसायला सांगितलं तर बसले नाहीत.

“ती परत येणार न्हाई म्हणायलेत. बापानं संमतीचा कागद फाडला.”

“का?”

“फोटू बघितला. माणसानं हात धरलेला. म्हणतोय, पोरगी लबाड बोलली. चालता येत न्हाई त्याचं कायी न्हाई, पर माझ्याशी लबाड बोलली, आता बिदरात काय काय बोलंल. तिनं लई सांगितलं, कुणी ऐकंना. आता ती बी गप बसलीय.” मास्तर पुढं झुकले. “फोटूत खरंच हात धरलाय का ओ? मला तेवढं बारीक दिसत न्हाई. म्हणून आलो इच्यारायला.”

“धरलाय. मीच धरायला लावला.”

मास्तर माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, “एकतीसला मुदत हाय,” आणि बससाठी निघून गेले. अकरा दिवस.

घरी जेवताना बायकोला सांगितलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं.

“एकटीचे तीन हुते न्हवं तुमच्याकडं?”

“होते. चेहरा नव्हता त्यात.”

“तिनं चेहरा मागितला हुता का?”

मी भाकरी मोडत राहिलो. तिनं ताटात भाजी वाढली आणि म्हणाली, “उद्या दुकान बंद ठिवा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी एकवीस, बावीस आणि चोवीस मोठे करून घेतले. ओला कागद वाळवायला जेवढा वेळ लागतो तेवढा थांबलो. सोबत वही घेतली आणि फिल्मची पट्टी घेतली. छत्तीस फोटोंची फिल्म मी सहा-सहाच्या पट्ट्यांत कापत असे. एकोणीस ते चोवीस एका पट्टीत होते. मग जीपनं निघालो.

तिचे वडील अंगणात अंबाडीचा दोर वळत बसले होते. साठीचे असतील. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं घर. दहा-बारा वर्षांपूर्वी मेंढरं विकून आता चार एकर शेती करत होते. मी औरादचा फोटोवाला म्हणून सांगितलं तसं त्यांनी दोर बाजूला ठेवला.

“या. फोटू झकास काढलाव बगा. गावात समद्यांनी बघितला. पोरगी तेवढी लबाड निघाली.”

“मामा, ती लबाड नाही. तो हात मी धरायला लावला.”

“कामून?”

“फोटो चांगला यावा म्हणून.”

“चांगला म्हंजी?”

मी पिशवीतून तिन्ही फोटो काढून त्यांच्यापुढं ठेवले.

“ह्ये बघा. हे एकटीचे. त्याच दिवसाचे.”

त्यांनी हातही लावला नाही. “आदी एक दाखवलाव, आता दुसरं दाखवायलाव. मास्तरनं धाडलंय व्हय तुमाला? उद्या इमानात बसलेली दाखवताल.”

मी वही उघडली. एकवीस, नऊ वाजून दहा मिनिटं, एकटी. तेवीस, नऊ तेरा, साहेबांनी हात धरला. वाचून दाखवलं.

“वही तुमची, अक्षर तुमचं,” ते म्हणाले.

त्यांचं बरोबर होतं. मग मी पट्टी काढली, कडेला धरून सूर्याकडं केली आणि त्यांना बघायला सांगितलं. ते जवळ आले, एक डोळा बारीक केला.

“ह्ये काय, माझ्या पोरीचं भूत?”

“यात उलटं दिसतं मामा. काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. खालचे आकडे बघा.”

इंग्रजी आकडे त्यांना बसच्या पाट्यांवरून येत होते. “एकवीस… बावीस… तेवीस… चोवीस. ह्ये आकडे तुमी घातलाव?”

“कारखान्यातून फिल्म येते तेव्हाच असतात. मला घालता येत नाहीत, पुसताही येत नाहीत. आणि मधे एखादा नंतर घुसवताही येत नाही. अखंड तुकडा आहे, हात फिरवून बघा.”

त्यांनी खरोखर कडेवरून अंगठा फिरवला. मग एकेका चौकटीवर नख ठेवत स्वतःशी म्हणाले, “एकली. एकली. धरलेली. एकली.” पुन्हा पहिल्यापासून तेच केलं. मेंढरं मोजताना दोनदा मोजतात तसं. त्यानंतर त्यांनी बावीस नंबरचा मोठा फोटो उचलला, ओढणीनं तोंड झाकलेला, आणि हात लांब करून धरला.

“ह्यी तिचीच चाल हाय.”

मी न राहवून म्हणालो, “पण त्यात तोंड कुठं दिसतंय?”

“तोंड कशाला पायजे? मेंढरामागं जलम गेला माझा. दोन शेतं पल्याडून चाल बघून सांगत हुतो, ह्यी आपली का दुसऱ्याची. ह्यी आदी डावा पाय टाकती आन् उजवा जरा वाकडा ठिवती. ल्हानपणापून. ह्यो फोटू एकला असता तरी मी वळखलो असतो.” मग माझ्याकडं वळून, पहिल्यांदाच एकेरीत, “ह्योच कामून दिला न्हाईस?”

“मला वाटलं, तोंड नाही म्हटल्यावर तुम्ही…”

“तुला वाटलं.”

ती दाराच्या चौकटीत उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. मी आल्यापासून तिनं मला हाक मारली नव्हती.

“अप्पा,” ती म्हणाली, “मी पाकीट घेतानाच ह्येंना इच्यारलं हुतं. एकटीचा हाय न्हवं म्हणून.”

“मग काय म्हणले?”

“तोंड स्वच्छ आलंय म्हणले.”

वडिलांनी माझ्याकडं बघितलं. “व्हय?”

“व्हय,” मी म्हणालो.

“म्हंजी तिनं इच्यारलं एक आन् तुमी सांगितलाव एक.” ते पुन्हा अहोजाहोवर आले होते. ते मला एकेरीपेक्षा जास्त लागलं. ते खाली बसले, दोर हातात घेतला, परत ठेवला आणि लेकीकडं वळले. “माय, मी तुला लबाड म्हणलो.”

“चारचौघांत म्हणलाव,” ती म्हणाली.

आतून तिची आई चहा घेऊन आली, कप ठेवून तिथंच उभी राहिली. चहा कुणी उचलला नाही.

“त्यो कागूद कुठाय?” त्यांनी विचारलं.

“तुमी फाडलाव. चुलीत घातलाव.”

“दुसरा?”

“छापील कागद बिदरलाच मिळंल,” मी म्हणालो. “पण साध्या कागदावर लिहून दिलं तरी चालतं, मास्तर म्हणाले होते. मी लिहितो, तुम्ही सांगा.”

वहीच्या मधला जोडकागद काढला. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. त्यांचं बोलणं सरळ होतं: माझी मुलगी बिदरला टेलिफोनचं शिकायला राहील, तिला माझी परवानगी आहे, ती एकटी चालते हे मी फोटोत बघितलं आहे. मी ते कागदाला शोभेल अशा भाषेत उतरवलं. दोन मिनिटांत झालं. सहीसाठी कागद त्यांच्यापुढं केला.

“थांबा,” ती म्हणाली. “अप्पा, सही करू नगा. आदी तुमी वाचा. मोठ्यानं.”

“त्येंनी लिवलंय की.”

“तुमी वाचा.”

त्यांना वाचायला वेळ लागला. अक्षरावर बोट ठेवून, एकेक शब्द जोडत. “मी… खाली सही करणार… लिहून देतो की… माझी… अंध मुलगी…” बोट थांबलं. “ह्ये मी म्हणलो न्हाई.”

“कोणतं?” तिनं विचारलं.

“अंध मुलगी लिवलंय. मी म्हणलो, माझी मुलगी.”

मी म्हणालो, “सरकारी कागदाला असं लिहायची पद्धत आहे…” आणि अर्ध्यावरच गप्प झालो. कारण ती पद्धत मला कुणी सांगितलेली नव्हती. चेहरा यावा म्हणून हात धरायला लावला होता, कागद कागदासारखा दिसावा म्हणून शब्द घातला होता. पहिल्या चुकीची कबुली देऊन घटकाभरही झाली नव्हती.

“खोडा,” ती म्हणाली.

मी एक रेघ मारली. वडिलांनी कागद पुढं शेवटपर्यंत वाचला. आणखी काही निघालं नाही. खाली सही केली, आणि मग खोडलेल्या शब्दाच्या शेजारी समासात दुसरी सही केली. खाडाखोड झाली की तिथंही सही लागते, हे त्यांना सोसायटीच्या कागदांवरून माहीत होतं. कागदाची घडी करून त्यांनी तो माझ्याकडं दिला नाही, तिच्या हातात दिला.

अठ्ठावीस जानेवारीला तिनं तो संस्थेत दिला. शिक्षण झालं. बूथ लगेच मिळाला नाही, पुढं सव्वा वर्षानं मिळाला, बिदरच्या बसस्टँडपासून जवळच. मोबाईल आले आणि गिऱ्हाईक तुटलं तोवर तिनं तो चालवला. बूथ बंद झाला तरी ती गावी परतली नाही, एका शाळेत टेलिफोनवर बसायचं काम तिला मिळालं. तिचे वडील गेले तेव्हा मी भेटायला गेलो होतो. बावीस नंबरचा फोटो चौकट करून भिंतीला लावलेला होता. तेवीस कुठं दिसला नाही. मीही तो अहवालाला दिला नाही.

रविवारचं चालणं मात्र पुढं कितीतरी वर्षं चालू राहिलं आणि मी फोटो काढत राहिलो. दुकान डिजिटल झालं, पण माळावर मी बराच काळ काळा-पांढराच रोल नेत होतो. एक फरक केला. पुढच्या रविवारी सगळ्यांचे सगळे फोटो घेऊन यायचे, चांगले आणि वाईट असे न निवडता, आणि ओढ्याकाठी ज्याचा त्याला तो काय आहे ते सांगायचं. मी नंबर सांगे, मग डावीकडून सुरू करी: कोण, कुणाला धरलंय, काठी कुठं टेकली आहे, पाय कुठं आहे, चेहरा दिसतो की नाही. छान आलाय हे शब्द मी वापरत नसे. कुणी विचारलंच, “छान हाय का?” तर म्हणे की मला ठाऊक नाही, काय आहे ते सांगतो.

ती मुलगी बूथ मिळाल्यावरही दोन-तीन महिन्यांतून एकदा चालायला यायची. माझ्याशी बोलणं पूर्वीसारखंच, चहाचं विचारणं, बायकोची चौकशी. फोटोच्या वेळी मात्र माझं सगळं ऐकून घ्यायची, फोटो माझ्या हातातून काढून बँकेतल्या साहेबांकडं द्यायची आणि म्हणायची, “अण्णांनी सांगितलं. आता तुमी सांगा.”

मी तिथंच बसलेलो असायचो. साहेब चष्मा पुसून सांगायला लागत, आणि बहुतेक वेळा माझ्याकडून एखादी गोष्ट राहिलेली निघे. मागं उभी असलेली गाय, पायातली तुटकी चप्पल, कडेला अर्धवट आलेलं कुणाचं तरी डोकं. कधी त्यांचं चुके. पण ते सांगत असताना आपण मधे बोलायचं नाही, हे अंगवळणी पडायला मला तीन रविवार लागले.